लेसर कोरेल, पण उमेदवारी कोण करेल?

ब्रिटिश म्युझियमने २०२० साली जपानी चित्रकार होकुसाईची १०३ छोटी रेखाटनं विकत घेतली. एका सचित्र कोशासाठी त्याने ती काढली होती. कोश छापलाच गेला नाही, आणि केवळ म्हणून रेखाटनं उरली. जपानी लाकडी ठशाच्या पद्धतीत चित्रकाराचा पातळ कागद फळीवर पालथा चिकटवतात, पाठीकडून बोटांनी चोळून तो आणखी झिरझिरीत करतात, गरज पडली तर तेलाचा हात फिरवतात, म्हणजे रेषा स्वच्छ दिसू लागतात. मग चाकू कागदासकट लाकूड कापत जातो. फळी तयार होते तेव्हा मूळ चित्र जगात उरलेलं नसतं. होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट आज जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे, पण ज्या कागदावरून ती कोरली गेली तो कागद कोरतानाच संपला.

आज हे गणित उलटलं आहे. रेखाटन स्कॅन करायचं किंवा थेट संगणकावरच काढायचं, फाइल लेसर यंत्राला द्यायची, आणि सकाळपर्यंत चेरीच्या किंवा शिना या जपानी लाकडाच्या प्लायवूडच्या फळीवर रेषा उठून आलेल्या असतात. मूळ चित्र शाबूत. फळी बिघडली तर दुसरी लावायची. पूर्वी फळीवरची एक चूक महाग पडायची, आता ती जवळजवळ फुकट झाली आहे.

पाण्याच्या रंगांनी, हाताने घोटून छापायची ही पद्धत, म्हणजे मोकुहांगा, आता एकट्या जपानची राहिलेली नाही. २०११ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. पहिली क्योतो आणि आवाजी बेटावर झाली, २०२४ ची एचिझेन या कागदाच्या गावी. जगभरातले जे चित्रकार या पद्धतीकडे वळले, त्यांतल्या अनेकांच्या स्टुडिओत लेसर किंवा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या पात्याने लाकूड खणणारं यंत्र, आहे. त्यामुळे प्रश्न उभा राहतो, आणि तो फक्त कलाकारांपुरता नाही. यंत्राने कोरलेल्या फळीवरून छापलेलं चित्र मोकुहांगा म्हणून विकावं का? त्याला पारंपरिक कारागिरीचा दर्जा आणि त्यासोबत येणारा सरकारी पैसा मिळावा का?

एक बाजू म्हणते, हात गेला की कला गेली. दुसरी म्हणते, साधन बदललं एवढंच. मला दोन्ही युक्तिवाद आळशी वाटतात. दोघांचंही लक्ष तयार ठशाकडे आहे. ठसा कोरणारा माणूस कसा तयार होतो, याकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते लेसरचा खरा घाव तिथे बसणार आहे.

आधी पहिल्या बाजूचं भावुकपण थोडं उतरवू. एदो काळातलं, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातलं, छापचित्र हे एका माणसाचं काम कधीच नव्हतं. पैसा घालणारा प्रकाशक, चित्र काढणारा, कोरणारा आणि छापणारा अशी चार माणसं, त्यातही सूत्रं प्रकाशकाच्या हातात. उतामारो आणि शाराकू या चित्रकारांमागे प्रकाशक त्सुताया जुझाबुरो होता, होकुसाईच्या फुजीच्या चित्रमालिकेमागे निशिमुराया. चित्र विकलं जायचं एक-दोन वाट्या सोबाच्या, म्हणजे साध्या शेवयांच्या, किमतीत. छापणारे एका घाण्याला दोनशे प्रती काढायचे आणि मागणी असेल तर पुढचे दोनशे. अशा व्यवहारात 'कलाकाराचा हात' शोधायला जाणं म्हणजे बाजारपेठेत आश्रम शोधणं. होकुसाई तरुणपणी स्वतः काही वर्षं कोरण्याचं काम शिकला होता, तरी चित्रकार म्हणून नाव झाल्यावर तो फळीला हात लावत नव्हता. लेसर वापरणारे नेमकं याच्यावर बोट ठेवतात: होकुसाईने कोरणं दुसऱ्याला दिलं तर चालतं, मग आम्ही यंत्राला दिलं तर काय बिघडलं?

चांगला प्रश्न आहे, आणि होकुसाई बहुधा त्यांच्याच बाजूने उभा राहिला असता. प्रकाशकाला लिहिलेल्या एका पत्रात तो हट्ट धरतो की कोरायला एगावा तोमेकिचीच हवा. कारण? बाकीचे आगाऊपणा करतात. मी खालची पापणी काढलेली नाही तिथे ती घालू नये, असं तो बजावतो. नाकांबद्दल तर त्याची खास तक्रार आहे: कोरणारे त्याच्या नाकांना त्या वेळी चलतीत असलेल्या उतागावा घराण्याचं वळण देतात. त्याने पत्रातच नाकं काढून दाखवली आहेत, असं हवं आणि असं नको म्हणून. या म्हाताऱ्याला कोणी लेसर आणून दिला असता तर त्याने तो डोक्यावर घेतला असता. लेसर पापणी घालत नाही. नाकाला हात लावत नाही. सांगितलं तेवढंच करतो.

पण उतामारोच्या बायकांचे केस बघा. कपाळाच्या कडेला, जिथे त्वचा संपून केस सुरू होतात, तिथे एकेक केस सुटा दिसतो. एका मिलिमीटरमध्ये कित्येक रेषा, लाकडात, उठावात. चित्रकाराने त्या रेषा काढलेल्या नसायच्या. तो केसांचा आकार आणि कपाळाची कड तेवढी दाखवायचा. किती केस, कुठे दाट, कुठे विरळ, वळण कुठे संपवायचं, हे कोरणारा चाकूने ठरवायचा. एकाच व्यवसायातली ही दोन टोकं आहेत. होकुसाईच्या पत्रात कोरणाऱ्याची आगळीक आहे, उतामारोच्या चित्रात त्याची निर्मिती आहे, आणि दोन्ही येतात त्याच एका गोष्टीतून: चाकू हातात असलेल्या माणसाला स्वतःचं मत असतं. लेसर पहिल्या टोकाचा बंदोबस्त करतो. दुसरं टोक त्याच्याकडे नाही. जे काही व्हायचं ते फाइलमध्ये आधीच असलं पाहिजे.

इथे यंत्राबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या वादात बोलणाऱ्या निम्म्या लोकांनी लेसरची फळी जवळून पाहिलेली नसावी असा मला संशय आहे. लेसर लाकूड जाळतो. किरण पडतो तिथला भाग क्षणात वाफ होऊन जातो आणि कडेला काजळी राहते. तेलाच्या शाईने छापणाऱ्याला तिचा फारसा त्रास नाही. पाण्याच्या रंगाने छापणाऱ्याला आहे, कारण त्याच्या फळीवर दर प्रतीला ओला ब्रश आणि तांदळाची खळ फिरते, आणि काजळी फिक्या गुलाबीत उतरली की प्रत वाया. म्हणून फळी आधी घासून धुवून घ्यावी लागते. लाकडाच्या वलयांत एक पट्टा मऊ, एक टणक. मऊ पट्टा जास्त जळतो. प्लायवूडमध्ये दोन थरांमधला चिकट भाग लागला की किरण अडखळतो आणि तळ खडबडीत राहतो. राउटरची अडचण वेगळी. त्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे किमोनोच्या दोन घड्या जिथे टोकदार कोनात मिळतात तिथला आतला कोपरा गोलसर होतो, आणि शेवटी तो चाकूनेच काढावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट रेषेच्या अंगाची. मुरलेला कारागीर चाकू फळीत काटकोनात घालत नाही. तो रेषेपासून बाहेर झुकवून कापतो, त्यामुळे रेषा माथ्याला बारीक आणि तळाला रुंद होते, शेताच्या बांधासारखी. शेकडो वेळा घोटलं तरी ती टिकते ती या उतारामुळे. लेसरला काही सांगितलं नाही तर तो उभी भिंत सोडतो, आणि बारीक रेषेची उभी भिंत ओल्या ब्रशाखाली लवकर तुटते. यावर उपाय आहे. रबरी शिक्के कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कडेला असा उतार देण्याची सोय असतेच. ('सत्यप्रत' असा शिक्का जिथून करून मिळतो, त्याच टपरीतून उद्या उतामारोही निघू शकतो, याची मला गंमत वाटते.) खोलीचंही तसंच. रेषेपासून जसजसं लांब जावं तसतसं अधिक खोल खणावं लागतं, नाहीतर ओला कागद दाबाखाली झोळ पाडून तळाला टेकतो आणि डाग उमटतो. हेही फाइलमध्ये घालता येतं, फक्त ते घालायला हवं हे ज्याला माहीत आहे त्याला. ते माहीत कसं होतं, याकडे पुढे येतो.

तेव्हा 'यंत्राची रेषा मेलेली असते' हा युक्तिवाद मी वापरणार नाही. उतार दिलेल्या, धुतलेल्या, कोपरे हाताने साफ केलेल्या लेसरच्या फळीवरून कोझो या जपानी हातकागदावर उत्तम छापणाऱ्याने प्रत काढली, तर ती हातकोरीव फळीवरच्या प्रतीपासून वेगळी ओळखणारे डोळे जगात मोजके असतील. आणि ज्यांना ओळखता येईल ते बहुधा स्वतः कोरणारेच असतील.

याचं एक कारण असं की छापचित्राचं बरंचसं आयुष्य कोरण्यात नसून छापण्यात आहे. छापणारा तुरटी आणि सरस लावलेला कागद ओलसर करून ठेवतो, ब्रशाने फळीवर रंग आणि खळ पसरवतो, फळीतच कोरलेल्या केन्तो नावाच्या दोन खाचांत कागद बसवतो, आणि मागून बारेनने घोटतो. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या आवरणाची दोरी वळून केलेली चकती, वरून त्याच आवरणाने मढवलेली. आकाशात निळा रंग वरून खाली विरत जातो तो फळीवर कुठेही कोरलेला नसतो. प्रत्येक प्रतीला तो ओल्या ब्रशाने नव्याने आणावा लागतो. चित्रकार योशिदा हिरोशीने १९२६ साली सेतो समुद्रातल्या शिडाच्या होड्यांचं एक चित्र केलं. त्याच फळ्यांवरून, फक्त रंग आणि छपाई बदलून, त्याने सकाळ काढली, संध्याकाळ काढली, धुकं काढलं, रात्र काढली. १९३०-३१ साली तो भारतात आला, तेव्हाच्या चित्रांत ताजमहालाबाबत त्याने हीच करामत केली. त्या मालिकेत अजिंठाही आहे. फळ्या त्याच असून चित्रं वेगळी निघत असतील, तर फळी कशाने कोरली यावरून मोकुहांगा आहे की नाही हे ठरवणं जरा घाईचं होतं.

एक गोष्ट खरी की हाताने कोरलेल्या फळीला वय असतं. ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी लाटेच्या शंभराहून अधिक प्रती ताडून पाहिल्या, आणि कुठल्या रेषेला कुठे खंड पडलाय यावरून आधीची प्रत कोणती, नंतरची कोणती, हे लावलं. त्या फळीवरून आठ हजारांपर्यंत प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. फाइलला असं वय नाही. झिजली की नवी फळी. संग्राहकांना याने वाईट वाटेल. मला फारसं वाटत नाही.

वाईट वाटावं असं दुसरीकडे आहे.

कोरणाऱ्यांच्या कारखान्यात कामाची उतरंड असायची. चेहरा आणि केस कोरायचे ते उस्तादाने. अंगावरचे कपडे, त्यांच्या घड्या, नक्षी हे त्याच्या खालच्या कारागिरांकडे. रंगाच्या फळ्या त्याहून नवख्यांकडे. आणि रेषांच्या मधलं, छापायचं नसलेलं लाकूड गोल पटाशीने खणून साफ करणं हे सगळ्यात शिकाऊ पोरांकडे. त्याच्याही आधी हत्यारं पाजळणं. चेहऱ्यापर्यंत पोचायला दहा वर्षं लागायची असं म्हणतात, ती काही चेहरा शिकायची दहा वर्षं नव्हती. ती लाकूड समजून घ्यायची होती. आडव्या रेषेला पातं कुठे निसटतं, गाठीजवळ काय होतं, ओलं झाल्यावर फळी कशी फुगते, किती बारीक ठेवलं तर दोनशे प्रतींना टिकतं आणि किती ठेवलं तर पन्नासाव्या प्रतीला तुकडा उडतो, हे सगळं खणता खणता आणि मोडता मोडता हातात उतरायचं. शिवाय ते बिनपैशाचं शिक्षण नव्हतं. साफसफाई हे कारखान्याला लागणारं काम होतं, म्हणून पोराला दोन वेळचं जेवण मिळत होतं.

आता यंत्र कुठून आत येतं ते बघा. ते चेहऱ्यापासून येत नाही. उस्तादाच्या हातातून चाकू काढून घेण्याची भाषा कोणीही करत नाही, सगळे त्याचा आदरच करतात. यंत्र खालच्या पायरीवरून येतं. 'बारीक काम हाताने करू, नुसतं खणायचं काम राउटरला देऊ', 'मुख्य रेषांची फळी हाताची, रंगाच्या फळ्या लेसरच्या', या तडजोडी इतक्या समजूतदार वाटतात की त्यांना नाही म्हणणारा माणूस हेकट ठरावा. कंटाळवाणं काम गेलं, वेळ वाचला, खर्च कमी झाला, दर्जा तोच राहिला. कोणाचंच नुकसान दिसत नाही, कारण ज्याचं नुकसान झालं तो अजून आलेलाच नाही. तो पुढच्या वर्षी काम मागायला येणार होता, आणि आता उस्तादाकडे त्याला द्यायला काही नाही. चेहरा तर देता येत नाही.

म्हणून मी नेहमीच्या मताच्या उलट म्हणेन. यंत्राला काही द्यायचंच असेल तर, निव्वळ उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ माणूस घडण्याच्या, दृष्टीने, वरचं काम दिलेलं एक वेळ परवडेल. खालचं देऊ नका. ऐकायला हे विचित्र वाटतं, याची मला कल्पना आहे. व्यवहारात असं कोणी करणार नाही, हेही कळतं. पण 'फक्त कंटाळवाणं काम' हे शब्द जिथे जिथे ऐकू येतात तिथे विचारावं, की हे कंटाळवाणं काम आजवर कोणाची शाळा होती?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: शाळेत मुलं आहेत कुठे? एदोनंतरच्या मेइजी काळातच शिळाछाप, फोटोग्राफी आणि वर्तमानपत्रांनी कोरणाऱ्यांचा धंदा बसवला. विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरोसारख्या प्रकाशकाने कावासे हासुईसारखे चित्रकार हाताशी धरून जुन्या चौघांच्या पद्धतीला नवं काम दिलं, तरी एदोतली ती संख्या परत आली नाही. आज तोक्योत अदाची संस्थेसारख्या ठिकाणी नवे कोरणारे आणि छापणारे तयार केले जातात, आसाकुसात डेव्हिड बुल यांच्या मोकुहानकान या छापखान्यात छापणाऱ्यांना काम मिळतं, पण ही बेटं आहेत. कोरणारे मोजके आणि महाग म्हणून नवी चित्रं निघत नाहीत, नवी चित्रं निघत नाहीत म्हणून छापणारे रिकामे बसतात. मग लेसरने स्वस्तात फळ्या मिळाल्या तर निदान छापणाऱ्यांची, कागदवाल्यांची, बारेन करणाऱ्यांची चूल पेटेल की नाही?

पेटेल. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही, आणि काढायचाही नाही. स्वतंत्र चित्रकाराने, पन्नास-शंभर प्रतींच्या चित्रासाठी, लेसर वापरावा. त्याच्या स्टुडिओत कोणी शिकाऊ बसलेला नसतो. ज्याच्या मनगटात आता जोर नाही, ज्याला कुठल्या कारखान्याने कधी दारात उभं केलं नसतं, अशा माणसाला या माध्यमाचं दार उघडत असेल तर ते उघडू द्यावं. कॅन्सस सिटीचे माइक लायन यांनी सीएनसी राउटरने फळ्या कोरून जपानी पद्धतीने मोठाली व्यक्तिचित्रं छापली. त्यांत यंत्र लपवलेलं नाही. टप्प्याटप्प्याने गडद होत जाणारे थर ही त्या चित्रांची रचनाच यंत्राच्या हिशेबाने झालेली आहे. याच्या उलट टोकाला लाइपझिगच्या क्रिस्तिआने बाउमगार्टनर. त्या व्हिडिओतलं चित्र घेतात, संगणकावर त्याच्या आडव्या रेषा करतात, आणि मग त्या रेषा महिनोन्महिने हाताने कोरतात. एका सेकंदाच्या व्हिडिओतल्या पंचवीस चौकटींचे त्यांनी पंचवीस ठसे केले आहेत. जे यंत्राला चुटकीसरशी जमलं असतं ते हाताने केल्यामुळेच त्या चित्रांत काळ साचलेला दिसतो. दोघांनीही आपण काय करतो आहोत हे नीट ठरवलं आहे. गोंधळ न ठरवणाऱ्यांचा असतो.

गोंधळाचा एक खास प्रकार म्हणजे 'माझी फाइल, माझं यंत्र, म्हणजे मीच कोरलं' हा दावा. यामामोतो कानाएने १९०४ मध्ये एका कोळ्याचं चित्र स्वतःच कोरून छापलं, आणि पुढे त्यातून स्वतः काढा, स्वतः कोरा, स्वतः छापा असा बाणा असलेली चळवळ उभी राहिली. ओन्ची कोशिरो त्यातलाच. मुनाकाता शिकोला १९५६ साली व्हेनिसमध्ये मोठा पुरस्कार मिळाला तो याच वळणाच्या कामाबद्दल. त्यांचं म्हणणं असं की कारागिराचा चाकू चित्राची नक्कल करतो, चित्रकाराचा चाकू कोरताना चित्र घडवतो. लेसर तर नकलेचा परमावधी आहे. त्यामुळे लेसरवाल्या चित्रकाराने या चळवळीचा वारसा सांगणं म्हणजे तिने ज्याच्याशी भांडण मांडलं त्यालाच तिच्या घरी जावई करणं. त्याने खुशाल एदोच्या प्रकाशकाचा वारसा सांगावा. ती परंपराही काही कमी प्रतिष्ठेची नाही, आणि त्याच्या कामाशी ती जास्त जुळते.

राहता राहिला बाजार आणि सरकार. बाजाराच्या बाबतीत माझी मागणी साधी आहे: चित्राच्या समासात लिहा. जागा आहे, परंपराही आहे. १८५०च्या दशकात चित्रकार कुनिसादाच्या चित्रांवर कोरणाऱ्या योकोगावा ताकेजिरोचा छोटा शिक्का दिसतो, 'होरी ताके' म्हणून. योशिदाच्या चित्रांच्या समासात 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का असे, आणि तो असला की आजही किंमत चढते. वास्तविक त्याच्याकडे पगारी छापणारे होते. शिक्क्याचा अर्थ एवढाच की काम त्याच्या नजरेखाली झालं. म्हणजे शिक्केही पूर्ण सत्य सांगत नाहीत, हे मान्य. तरी कोणाच्या नजरेखाली झालं एवढं तरी ते सांगतात. 'रेषांची फळी लेसर, कोपरे हाताने, छपाई अमुक' असं तीन ओळींत लिहिलं तर चित्राचं काही बिघडत नाही. लिहायला जो कचरतो त्याला हातकोरीव किंमत हवी असते आणि हातकोरीव खर्च नको असतो. लिहिल्याने चित्र कमी विकलं जाईल, ही भीती खरी ठरली तरी ती ग्राहकाला अंधारात ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

सरकारचं प्रकरण जास्त नाजूक. जपानमध्ये १९७४ च्या कायद्याखाली पारंपरिक कारागिरीला राष्ट्रीय दर्जा मिळतो. रोजच्या वापरातली वस्तू, साधारण शंभर वर्षं चालत आलेलं तंत्र आणि कच्चा माल, आणि मुख्य प्रक्रिया हाताची, अशा त्याच्या अटी आहेत. एदो मोकुहांगाला हा दर्जा २००७ साली मिळाला. वारसदार घडवण्यासाठी सरकारी मदतीची सोयही याच कायद्यात आहे. सगळी गोम 'मुख्य' या अटीत आहे. चेहरा हाताने कोरला, मधलं लाकूड राउटरने काढलं, तर मुख्य प्रक्रिया हाताची झाली असं कोणीही म्हणेल, आणि तयार वस्तूकडे बघून ते बरोबरही आहे. मी ते मान्य करणार नाही. या दर्जाचा उद्देश वस्तू टिकवणं हा असता तर संग्रहालयं पुरेशी होती. माणसं टिकवायची असतील, तर माणूस ज्या कामातून घडतो ते काम मुख्य धरलं पाहिजे, मग ते कितीही हलकं दिसो. दर्जा हवा त्या कारखान्यात खणण्याचं कामही पटाशीनेच व्हावं, आणि ते शिकाऊ माणसाच्या हातून व्हावं.

अर्थात असा नियम करून त्याचा बोजा कारखान्यावर टाकणं अन्यायाचं होईल. राउटर एका रात्रीत जे करतो त्यासाठी नवख्याला आठवडा लागणार, आणि त्याला पगार द्यावा लागणार. हा फरक चित्राच्या किमतीत घातला तर चित्र विकत घेणारा मिळणार नाही. तो सरकारी तिजोरीतून यावा. प्रदर्शनं, पुस्तिका, परदेशातली प्रात्यक्षिकं यांवर पैसा खर्च करणं सोपं असतं, कारण त्यांचे फोटो चांगले येतात. फळी खणत बसलेल्या पोराच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या पगाराचा फोटो काढता येत नाही. मदत द्यायचीच असेल तर ती आधी तिथे द्यावी, आणि उरली तर बाकीच्याला.